४.३० सेकंद, ९ झेल : ओकलंड रेडर्सच्या २००९च्या निवडीचं प्रकरण

डॅरियस हेवर्ड-बे, अमेरिकन फुटबॉलमधला वाइड रिसीव्हर (पुढे पळून पास झेलणारा गडी), मेरीलँड विद्यापीठ. उंची ६ फूट २ इंच, वजन ९५ किलोच्या आसपास. फेब्रुवारी २००९ मध्ये इंडियानापोलिसला, कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक चाचण्यांत, तो ४० यार्ड ४.३० सेकंदांत पळाला. त्या वर्षीच्या चाचण्यांत याहून जलद कुणीच पळालं नाही. एप्रिलमध्ये ओकलंड रेडर्सनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, सातव्या क्रमांकावर उचललं आणि पुढे करारात २ कोटी ३५ लाख डॉलरची हमी दिली. पहिला मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर ११ सामन्यांत ९ झेल, १२४ यार्ड आणि १ टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंडझोनमध्ये, नेणं) जमा होतं. म्हणजे एका झेलाला २६ लाख डॉलर! हमी अनेक वर्षांची असते, त्यामुळे हा हिशेब अन्यायाचा आहे. पण रेडर्सच्या चाहत्यांना त्या वर्षी न्यायाची फार पडली नव्हती.

हे प्रकरण सहसा ‘वेगाच्या मागे लागलेल्या म्हाताऱ्या मालकाची फजिती’ म्हणून सांगितलं जातं. मला ते तेवढं सोपं वाटत नाही. त्याच वर्षीची, त्याच ड्राफ्टमधली आणि त्याच संघातली इतर माणसं शेजारी उभी केली की गोष्ट बरीच बदलते.

४० यार्ड म्हणजे नेमकं काय मोजतात

४० यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर. हाच आकडा का, याची सांगोवांगी अशी की पूर्वी पंटची, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे लांब लाथाडण्याची, किक साधारण ४० यार्ड जायची आणि साडेचार सेकंद हवेत राहायची. तेवढ्या वेळात चेंडूखाली पोहोचणारा गडी कामाचा. क्लीव्हलँडचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्याकडे या मोजणीचं श्रेय जातं. पुढे पंट बाजूला राहिली आणि आकडा सगळ्यांच्याच मानगुटीवर बसला.

या वेळेत धावपटूची प्रतिक्रिया मोजलीच जात नाही. बंदुकीचा बार नाही, शिट्टी नाही. खेळाडू मनाला येईल तेव्हा निघतो, तो हलला की माणूस हाताने घड्याळ चालू करतो आणि शेवटच्या रेषेवर ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीने थांबतं. म्हणून या आकड्यांची तुलना ट्रॅकवरच्या वेळेशी करू नये. त्याच २००९च्या ऑगस्टमध्ये उसेन बोल्टने बर्लिनला १०० मीटरचा ९.५८ सेकंदांचा विक्रम केला. त्या शर्यतीत ३० मीटरला त्याची वेळ ३.७८ होती आणि ४० मीटरला ४.६४, म्हणजे ३६.५८ मीटरला साधारण ४.३५. वरवर पाहिलं तर हेवर्ड-बे बोल्टला मागे टाकतो! बोल्टच्या आकड्यातून त्याची ०.१४६ सेकंदांची प्रतिक्रिया वजा केली की भानावर यायला होतं.

मैदानावर या फरकाचं काय होतं तेही पाहू. एक रिसीव्हर ४.३० चा आणि दुसरा ४.५० चा. सरळ रेषेत ४० यार्ड पळून झाल्यावर दोघांत सुमारे दोन मीटरचं अंतर पडतं. लांबच्या पाससाठी दोन मीटर म्हणजे अख्खा दरवाजा उघडा. पण क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, हातात चेंडू बहुतेक वेळा अडीच-तीन सेकंदच राहतो, आणि निम्म्याहून जास्त पास १० यार्डांच्या आत पडतात. पहिल्या १० यार्डांत या दोघांतला फरक हातभरच असतो. कॉर्नरबॅकने, म्हणजे रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूने, छातीवर हात टेकवून सुरुवातीलाच अडवलं तर तोही उरत नाही.

ज्याच्याकडे आकडाच नव्हता

मायकेल क्रॅबट्री टेक्सास टेकचा. कॉलेजच्या दोन मोसमांत २३१ झेल, ३१२७ यार्ड, ४१ टचडाउन. हेवर्ड-बेचे तीन मोसम मिळून १३८ झेल, २०८९ यार्ड, १३ टचडाउन. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज रिसीव्हरला मिळणारा बिलेटनिकॉफ पुरस्कार क्रॅबट्रीने लागोपाठ दोन्ही वर्षी घेतला. १ नोव्हेंबर २००८ ची रात्र अजूनही दाखवली जाते: समोर अव्वल मानांकित टेक्सास, शेवटचे काही सेकंद, क्रॅबट्री उजव्या साइडलाइनला चिकटून चेंडू घेतो, अंगाला झोंबलेल्या बचावपटूच्या हातातून सुटतो, पाय रेषेच्या आत ठेवत एंडझोनमध्ये शिरतो. घड्याळात १ सेकंद शिल्लक. ३९-३३. त्या खेळात ४० यार्डांची धाव कुठेच नव्हती. होता तो तोल, हात आणि ‘आपण रेषेपासून किती लांब आहोत’ याची न बघता असलेली जाण.

इंडियानापोलिसला मात्र क्रॅबट्री पळालाच नाही. तिथल्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या पायाच्या हाडाला बारीक तडा सापडला आणि मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. ड्राफ्टच्या टेबलावर एकाकडे लखलखीत ४.३० होतं आणि दुसऱ्याच्या रकान्यात काहीच नव्हतं. रिकामा रकाना माणसाला फार अस्वस्थ करतो. नोकरीसाठी मुलाखती घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

२५ एप्रिलला रेडर्सनी सातव्या क्रमांकावर हेवर्ड-बेचं नाव दिलं. तीन क्रमांकांनंतर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी क्रॅबट्रीला घेतलं. ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्ये खाडीवरचा एक पूल आहे, त्यामुळे पुढची अनेक वर्षं रेडर्सच्या चाहत्यांना तुलनेपासून सुटका नव्हती.

योगायोग असा की क्रॅबट्री पैशांवरून अडून बसला, ऑक्टोबरपर्यंत करारच केला नाही आणि त्यामुळे पहिल्या वर्षी त्याचेही ११ सामने झाले. ११ विरुद्ध ११. क्रॅबट्री सराव शिबिर चुकवून, मोसमाच्या मध्यात थेट मैदानात उतरून ४८ झेल, ६२५ यार्ड. हेवर्ड-बे सगळं शिबिर करून ९ झेल.

दोष क्वार्टरबॅकचा?

बराचसा, होय. रेडर्सचा क्वार्टरबॅक जमार्कस रसेल २००७च्या ड्राफ्टचा पहिला खेळाडू. त्याची ख्याती दंडाची: गुडघ्यांवर बसून ६० यार्ड चेंडू फेकतो म्हणून लोक तोंडात बोट घालायचे. म्हणजे २००९च्या ओकलंडमध्ये वर्गातले सर्वांत जलद पाय आणि सर्वांत दणकट दंड एकाच संघात होते. कागदावर याहून भयंकर जोडी नाही. प्रत्यक्षात रसेलचे त्या मोसमातले जेमतेम ४८.८ टक्के पास पोहोचले, ३ टचडाउन आणि ११ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास) झाली, आणि मे २०१० मध्ये संघाने त्याला काढून टाकलं. मला हे या प्रकरणातलं सर्वांत बोलकं पान वाटतं. दोन मोजता येणाऱ्या गोष्टी आणल्या, आणि त्या दोघांच्या मधली न मोजता येणारी गोष्ट, म्हणजे चेंडू कधी आणि कुठे पडणार याचा दोघांच्या डोक्यातला एकच अंदाज, तो कुणी आणलाच नाही.

पण सगळं रसेलच्या माथी मारून चालणार नाही. त्याच संघात, त्याच क्वार्टरबॅकांकडून चेंडू घेत लुई मर्फीने ३४ झेल आणि ५२१ यार्ड केले, ४ टचडाउनसह. मर्फी हेवर्ड-बेच्याच ड्राफ्टमधला, चौथ्या फेरीतला. आणि संघात सर्वाधिक झेल कुणाचे? झॅक मिलरचे, ६६ झेल, ८०५ यार्ड. मिलर टाइट एंड, म्हणजे अंगाने जड, ब्लॉकिंगही करणारा, वेगासाठी कुणी ज्याच्याकडे दोनदा बघणार नाही असा. फेकणाऱ्याला अडचणीत जो सापडेल असा भरवसा वाटतो, त्याच्याकडे चेंडू जातो.

हेवर्ड-बेची अडचण हातांत होती आणि पायांतही होती. ‘पायांत’ म्हटल्यावर भुवया उंचावतील, म्हणून एक साधा कर्ल रूट (रूट म्हणजे रिसीव्हरचा पळण्याचा ठरलेला मार्ग) डोळ्यांसमोर आणू. स्नॅप होतो, म्हणजे चेंडू खेळात येतो. रिसीव्हर कॉर्नरबॅकच्या अंगावर सरळ धावत जातो, जणू ४० यार्ड पळायचेत. कॉर्नर घाबरून पाठ वळवायला लागतो. बाराव्या यार्डाला रिसीव्हरने कंबर खाली बसवायची, दोन-तीन आखूड पावलांत थांबायचं, वळायचं आणि वळता वळता छातीशी आलेला चेंडू घ्यायचा, कारण तो वळण्याआधीच सुटलेला असतो. यात वेगाचं काम फक्त भीती घालण्याचं. कमाई होते ती थांबण्यात. ९५ किलोंचा माणूस जितक्या जोरात येतो तितकं त्याला थांबवणं अवघड. वेग दीडपट झाला की ब्रेकचं काम सव्वादोनपट होतं. थांबायला चार-पाच पावलं लागली, तर तेवढ्यात कॉर्नर परत येऊन बसतो. खो-खो खेळलेल्याला हे समजावून सांगायला नको: हूल देणारा सरळ पळणाऱ्याला पाळीभर दमवतो.

आणि ४० यार्डांच्या चाचणीत शेवटच्या रेषेनंतर थांबायला वाट्टेल तेवढी जागा असते.

म्हाताऱ्याला काय आठवत होतं

रेडर्सचे मालक अल डेव्हिस यांना खुळं म्हणणारे एक विसरतात, की हा माणूस वेगाच्या जोरावरच मोठा झाला होता. चार्जर्स संघात प्रशिक्षक सिड गिलमन यांच्या हाताखाली त्यांनी लांब फेकीचा खेळ शिकला, १९६३ मध्ये रेडर्सची सूत्रं हाती घेतली आणि तोच खेळ ओकलंडला रुजवला: मैदान उभं ताणायचं, बचावाला पाठीमागे बघायला लावायचं. वेग शिकवता येत नाही, बाकीचं शिकवता येतं, ही त्यांची श्रद्धा. ती हवेतून आलेली नव्हती. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण जिंकलेला बॉब हेज डॅलस काउबॉईजकडून खेळायला आला, तेव्हा एकास एक माणूस लावून त्याला रोखता येईना आणि झोन बचाव (माणसाऐवजी जागा राखणं) वापरणं संघांना भाग पडत गेलं. हेजला हॉल ऑफ फेममध्ये मरणोत्तर जागा मिळाली तीही नेमकी २००९ मध्ये.

डेव्हिस यांच्या घरचा दाखला क्लिफ ब्रँचचा. कोलोरॅडोचा स्प्रिंटर, १९७२ मध्ये रेडर्सनी चौथ्या फेरीत घेतला. पहिल्या मोसमात ३ झेल. दुसऱ्यात १९. तिसऱ्यात, १९७४ मध्ये, ६० झेल, १०९२ यार्ड आणि १३ टचडाउन. पुढे तीन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना), आणि २०२२ मध्ये हॉल ऑफ फेम. आता हेवर्ड-बेचे झेल ओळीने वाचा: २००९ मध्ये ९, २०१० मध्ये २६, २०११ मध्ये ६४ झेल आणि ९७५ यार्ड. चढण जवळपास तीच आहे! डेव्हिस ८ ऑक्टोबर २०११ रोजी गेले. त्यांचा पोरगा अखेर पिकायला लागला होता आणि मोसमाचा मोठा भाग बाकी होता.

मग चूक कुठे झाली? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि दोन्हींचा हेवर्ड-बेच्या पायांशी संबंध नाही.

पहिली, आठवण अर्धीच राहिली. ब्रँच एका बाजूने पळायचा तेव्हा दुसऱ्या बाजूला फ्रेड बिलेटनिकॉफ असायचा. हाच तो पुरस्कारावरचा बिलेटनिकॉफ. पायांनी संथ, पण चिकट लेप फासलेले हात, घड्याळाच्या काट्यासारखे रूट आणि अकराव्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू. फेकणारा केन स्टेबलर, डावखुरा आणि नेमका. ब्रँचच्या भीतीने बचाव मागे सरकायचा आणि मोकळ्या जागेत बिलेटनिकॉफ झेल घ्यायचा. बिलेटनिकॉफला आवरायला पुढे आला तर ब्रँच डोक्यावरून जायचा. २००९ मध्ये डेव्हिसनी ब्रँच शोधला, आणि बिलेटनिकॉफच्या नावाचा पुरस्कार दोनदा जिंकलेला पोरगा समोर असताना त्याला पुलापलीकडे जाऊ दिलं.

दुसरी चूक किमतीची. चौथ्या फेरीच्या मुलाकडून पहिल्या वर्षी ३ झेल आले तर कुणी ओरडत नाही. त्याला शिकू देता येतं. सातव्या क्रमांकाच्या खेळाडूला पहिल्या सामन्यापासून लावावं लागतं, त्याच्या चुका सगळ्या देशासमोर होतात आणि मोठा करार संघाच्या मानेवर बसतो. कच्च्या मालाला तयार मालाचा भाव दिला की तो पिकेपर्यंत थांबायची सोय राहत नाही. २०१३च्या मार्चमध्ये रेडर्सनी हेवर्ड-बेला सोडलं तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

मग सरळ वेग किती मोलाचा

२००९चाच ड्राफ्ट, तिसरी फेरी, ८४वा क्रमांक, पिट्सबर्ग स्टीलर्स: माइक वॉलेस. त्याची ४० यार्डांची वेळ ४.३३. तीन शतांश सेकंदांचा फरक, हाताने सुरू केलेल्या घड्याळात ज्याला काही अर्थच नाही. वॉलेसला पहिल्या वर्षी ३९ झेल, ७५६ यार्ड, ६ टचडाउन, एका झेलाला १९ यार्डांहून जास्त. दुसऱ्या वर्षी ६० झेल, १२५७ यार्ड, १० टचडाउन. तोच वेग, फक्त फेकणारा बेन रॉथलिसबर्गर, समोर हाइन्स वॉर्डसारखा मुरलेला रिसीव्हर आणि सुरुवातीला कामही मोजकं: लांब पळ आणि बचावाला मागे ओढ. एकाच वर्गातले जवळजवळ सारखे पाय, ७७ जागांचं अंतर. वेग निरुपयोगी असता तर वॉलेस घडलाच नसता.

रनिंग बॅकमध्ये त्याच वर्षी टेनेसी टायटन्सच्या क्रिस जॉन्सनने २००६ यार्ड धावून काढले. २००८च्या चाचणीत त्याची वेळ ४.२४ होती. पण रनिंग बॅकला चेंडू हातात दिला जातो, झेलावा लागत नाही. त्याला फट दिसावी लागते, आणि फट दिसली की तिथून पुढे खरंच सरळ रेषेची शर्यत असते. त्या जागेवर वेगाचे पैसे रोख मिळतात. कॉर्नरबॅकला तर वेगाशिवाय गत्यंतर नाही: समोरचा कुठे वळणार हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे उशिरा निघून गाठायचं असतं, आणि ४.६ च्या पुढे वेळ गेली की बहुतेक संघ त्याच्या नावावर काट मारतात. उलट लाइनमनसाठी, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या जड गड्यांसाठी, पहिले १० यार्ड बघतात. ४० यार्ड सरळ पळायची वेळ त्याच्यावर आलीच तर खेळात काहीतरी मोठं बिनसलेलं असतं.

रिसीव्हर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. अँक्वान बोल्डिनची वेळ ४.७ च्या घरात. २००३ मध्ये पहिल्याच वर्षी त्याने १०१ झेल आणि १३७७ यार्ड केले. २०१७ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सनी जॉन रॉसला नवव्या क्रमांकावर घेतलं, वेळ ४.२२, तेव्हाचा विक्रम. पहिल्या मोसमात त्याचा एकही झेल नाही. बेंगल्सकडच्या चार वर्षांत मिळून ५१. त्याच ड्राफ्टमध्ये ६९वा गेलेला, ४.६२ वाला कूपर कप २०२१ मध्ये १४५ झेल आणि १९४७ यार्ड करून सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि हरलेला संघ होता बेंगल्स. २०१७ मध्ये रेडर्सच्या प्रकरणाला आठ वर्षं झाली होती, पण दुसऱ्याच्या फजितीतून शिकायला कुणाला सवड असते?

उरलेली दोन टोकं

क्रॅबट्री २०१५ मध्ये कुठे आला असेल? ओकलंडला. रेडर्सच्या जर्सीत पहिल्या वर्षी ८५ झेल आणि ९ टचडाउन, दुसऱ्या वर्षी ८९ झेल, १००३ यार्ड. ज्याला सहा वर्षांपूर्वी फुकट नाकारलं, त्याला वयाच्या सत्ताविशीत पायाच्या आणि टाचेच्या दुखापतींसकट घरी आणलं.

हेवर्ड-बे इंडियानापोलिसला एक वर्ष काढून पिट्सबर्गला गेला आणि तिथे टिकला. मुख्य रिसीव्हर म्हणून नव्हे. किक-पंटच्या वेळी मैदानभर पळून पहिला माणूस पाडणं, तरुण रिसीव्हरांना सांभाळून घेणं, अधूनमधून एखादा लांब रूट. ज्या पंटवरून ४० यार्डांचा आकडा आला म्हणतात, त्याच कामावर तो अखेर लागला, आणि ते त्याने मनापासून केलं.

ऑक्टोबर २०१६, मायामी. हेवर्ड-बे आता २९ वर्षांचा. स्टीलर्सनी एंड-अराउंड काढला, म्हणजे चेंडू फेकायचा नाही, रिसीव्हर मागून वळसा घालून येतो आणि तो त्याच्या पोटाशी ठेवून द्यायचा. झेलायचं काही नाही, थांबायचं काही नाही. त्याने कोपरा वळला, पुढे साइडलाइन मोकळी दिसली आणि ६० यार्ड कुणीही त्याच्या वाऱ्यालाही उभं राहिलं नाही. टचडाउन. सामना मायामीने ३०-१५ असा जिंकला.